रिजेक्शन वाढलं म्हणून पोराला काढायचं का?

वाचकाचं पत्र

"स.न.वि.वि. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. पंपाचे शाफ्ट आणि स्लीव्ह (दांडे आणि नळकांडी) टर्न करून, म्हणजे लेथवर फिरवत कापून, देतो. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एका लेथवर धंदा सुरू केला. आता तीन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथ, आहेत. यजमान ऑर्डरी आणि बँकेची कामं बघतात, शॉप दोन वर्षांपासून मी बघते. माझं शिक्षण एमबीए. मशीनमधलं काम करता करता शिकतेय.

अडचण दोन माणसांची आहे. एक तासगावकडचा पोरगा, आयटीआय झालेला, घरी दोन एकर द्राक्षबाग. दिवसपाळीला त्याचं काम चांगलं होतं. फेब्रुवारीत त्याला त्याच मशीनवर रात्रपाळीला टाकलं आणि रिजेक्शन वाढलं. शंभरात दोन-तीन नग जायचे, आता सात-आठ जातात, बहुतेक सगळे अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा लहान. दुसरे आमचे तात्या, मामांच्या पहिल्या लेथपासूनचे. सीएनसीवर त्यांच्याकडून मोठ्या चुका होतात, मागच्या महिन्यात कापायचं टूल जॉबमध्ये, म्हणजे नगात, घुसलं. मामा म्हणतात, पोराला काम येत नाही, काढून टाक. आणि तात्यांना येतंय सगळं, पण आता लक्ष राहिलं नाही. त्यांनी फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढं रोजचं रिजेक्शन लिहायला सुरुवात केलीय. शेडमध्ये सोयी कराव्यात असं यजमानांचं म्हणणं. पण आम्हाला हॉथॉर्नचे प्रयोग शिकवले होते, त्यात दिवे कमी केले तरी काम वाढलं होतं. मग खर्च कशाला करायचा? काय करू, सांगा."

ताई, नमस्कार.

पोराला काढू नका. निदान मी खाली सांगतोय ते करून बघेपर्यंत तरी नकोच. तुमचं पत्र वाचून मला असं वाटतं की मामंजींनी दोघांना लावलेली कारणं उलटसुलट झालीत. पोराला काम येतंय, पण त्याला ज्या जागी आणि ज्या वेळी उभं केलंय तिथं काहीतरी बिघडलंय. तात्यांचं लक्ष ठिकाणावर आहे, त्यांना सीएनसीचं काम कुणी बसून शिकवलेलंच नाही.

पोराबद्दलचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. जानेवारीपर्यंत ज्या हातांनी शंभरात सत्त्याण्णव नग चांगले दिले, ते हात फेब्रुवारीत अडाणी कसे झाले? माणूस तोच, मशीन तेच, ड्रॉइंग तेच. बदलली ती पाळी. आणि पाळीबरोबर शेडमध्ये काय काय बदलतं ते तुम्हाला दिवसा ऑफिसात बसून कळणार नाही. म्हणून पहिलं काम हे की, एकदा रात्री दोनच्या सुमाराला यजमानांना घेऊन शॉपमध्ये जा. कुणाला धरायला म्हणून जाऊ नका, आणि तसं पोराला आधी सांगूनही टाका, नाहीतर तो त्या रात्री घाबरूनच काम करेल आणि तुम्हाला खरं काही दिसणार नाही.

गेल्यावर सगळ्यात आधी मशीनमधून नुकताच निघालेला नग हातात घ्या. तो किती गरम लागतो ते बघा.

हे का सांगतोय? तुम्ही लिहिलंय की नग बहुतेक अंडरसाइज जातात. नुसता हलगर्जीपणा असता तर काही मोठे गेले असते, काही लहान. सगळे एकाच बाजूला जातात तेव्हा बहुतेक एकच कारण रोज आपलं काम करत असतं, आणि टर्निंगमध्ये माझा पहिला संशय उष्णतेवर असतो. पोलाद तापलं की फुगतं. एक मीटरचा तुकडा एका अंश सेल्सिअसनं तापला की साधारण 12 मायक्रॉननं वाढतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आता तुमची स्लीव्ह 60 मिलिमीटर व्यासाची धरा आणि ती मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे मोजायच्या साधनापेक्षा, 20 अंशांनी गरम आहे असं धरा. व्यास 14 मायक्रॉननं जास्त दिसणार. ड्रॉइंगवरचं लिमिट, म्हणजे मापात चालणारा फरक, वरपासून खालपर्यंत मिळून 20 मायक्रॉनचं असेल, तर पोरगा गरम नग मोजतो, साइज बरोबर मधोमध आलेली बघतो, आणि पुढचा नग चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, लावतो. सकाळी क्यूसीच्या, म्हणजे तपासणीच्या, टेबलावर तोच नग गार झालेला असतो आणि खालच्या लिमिटच्या 4 मायक्रॉन खाली उतरलेला असतो. पोरानं मोजमापात काडीची चूक केलेली नाही. त्यानं गरम नग मोजला, एवढंच.

मग दिवसपाळीला हे का होत नव्हतं? मला वाटतं, दिवसा क्यूसीचा माणूस असतो. तो नग टेबलावर घेतो, त्याच्या आधीचे चार नग तिथं पडलेले असतात, तोवर हा गार होतो, आणि तासाभरात येऊन तो सांगतो, "अरे, दहा मायक्रॉन वर घे." रात्री सांगायला कुणी नाही. त्यात कूलंटची, म्हणजे कापताना नग गार ठेवणाऱ्या द्रवाची, टाकी संध्याकाळपर्यंत खाली गेलेली, ती भरणं कुणाचं काम ते ठरलेलं नाही. धार बारीक पडते, नग जास्त तापतो.

आणि इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाला बसवायचा, बदलता येणारा धारेचा तुकडा. स्टोअरची किल्ली रात्री कुणाकडं असते हे जरूर विचारा. अनेक छोट्या शॉपमध्ये स्टोअर सांभाळणारा संध्याकाळी सहाला किल्ली खिशात टाकून घरी जातो, जाताना रात्रीसाठी मोजून एक-दोन इन्सर्ट देऊन जातो. ते संपले की पोरगा घासलेल्या धारेवरच रात्र काढतो. घासलेल्या धारेनं नग आणखी तापतो, मापात मोठा दिसतो, पोरगा ऑफसेट, म्हणजे टूल किती आत कापेल ते ठरवणारा मशीनमधला आकडा, आणखी खाली घेतो, आणि सकाळी अख्खा लॉट अंडरसाइज निघतो. इन्सर्ट वाचवायला म्हणून लावलेल्या कुलुपापायी शाफ्ट भंगारात जातात. इन्सर्टच्या एका धारेला काय पडतं आणि तयार होत आलेल्या एका शाफ्टला मटेरियल, वीज, मजुरी धरून काय पडतं, हा हिशेब तुम्ही मामंजींपेक्षा चांगला मांडू शकाल. मांडाच.

मामंजी जुने मशीनवाले आहेत, त्यांना पुस्तकी बोलणं पटणार नाही आणि पटावं अशी अपेक्षाही ठेवू नका. त्यांना करून दाखवा. रात्रपाळीतले पाच नग मशीनमधून काढल्या काढल्या मोजायला लावा. मार्करनं नगावर नंबर टाका, माप वहीत लिहा, आणि ते नग मायक्रोमीटर ठेवता त्याच टेबलावर ठेवून द्या. तासाभरानं मामंजींच्या हातानं पुन्हा मोजा. मापं खाली आलेली दिसली की त्यांना बाकी काही सांगावं लागणार नाही. उपायालाही फार खर्च नाही. त्यासाठी एसी खोली लागत नाही. पोलादी नग आणि पोलादी मायक्रोमीटर एकाच तापमानाला आले की दोघं सारखेच फुगलेले किंवा आकसलेले असतात, माप बरोबर येतं. बिडाचा जाड सपाट तुकडा मशीनशेजारी ठेवा. मोजायचा नग त्याच्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, मग मोजायचा, आणि तेवढ्या वेळात पुढं गेलेले नग वेगळ्या ट्रेमध्ये. फक्त ही दहा-पंधरा मिनिटं रात्रीच्या टार्गेटमध्ये धरा. टार्गेट तेवढंच ठेवून वर "गार करून मोज" म्हणालात तर तो मोजणार नाही, आणि त्याचा दोष त्याला देता येणार नाही.

आता झोपेचं. पोराच्या घरी बाग आहे असं तुम्ही लिहिलंत, पण तिचा आणि रिजेक्शनचा संबंध जोडलेला दिसत नाही. तासगाव, सावळज, मणेराजुरीकडं फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे द्राक्षांची तोड आणि बेदाण्याच्या शेडवरची धावपळ. पोरगा सकाळी मोटारसायकलनं घरी पोचतो तेव्हा बागेत माणसं लागलेली असतात. तो झोपतो कधी? हे त्याला तुम्ही विचारा, मामंजींना विचारायला लावू नका. वहिनींनी विचारलं तर कदाचित खरं सांगेल. माणसाचं शरीर पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान सगळ्यात मंद असतं, पुरेशी झोप झालेल्याचंसुद्धा. चार तासांच्या झोपेवर उभ्या असलेल्याचं काय होत असेल! त्याचा छडा लावायला एक सोपी गोष्ट करा. प्रत्येक नग किती वाजता निघाला ते आठवडाभर लिहायला लावा. वाया गेलेले नग रात्रभर सारखे विखुरलेले असतील तर कारण उष्णता, कूलंट, इन्सर्ट यांपैकी काहीतरी आहे. ते पहाटे गोळा होत असतील तर कारण झोप आहे, आणि मग एप्रिल संपेपर्यंत त्याला परत दिवसपाळीला घ्या. हंगाम संपला की तो आनंदानं रात्री येईल. पाळी पूर्ण झाल्यावर "अजून चार तास थांब" असं होत असेल तर तेही बंद करा. जादा तासांना कायद्यानं दुप्पट दर द्यावा लागतो हे तुम्हाला माहीत असेलच, पण दुप्पट दर देऊनही पहाटेचा थकलेला डोळा ताजा होत नाही.

आणखी एक परीक्षा घ्या, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दिवसपाळीचा तुमचा सगळ्यात चांगला ऑपरेटर आठवडाभर त्याच मशीनवर रात्री लावा. काही न बदलता. ना कूलंट, ना किल्ली, ना दिवा. त्याचंही रिजेक्शन वाढलं तर दोष पाळीत आहे, पोरात नाही. नाही वाढलं तर मी म्हणतोय ते पुन्हा तपासायला हवं. असं अदलाबदल करून बघितल्याशिवाय "याला काम येत नाही" हे वाक्य कुणीही कुणाबद्दल बोलू नये, असं माझं अगदी ठाम मत आहे. त्या वाक्यानं माणसाची भाकरी जाते.

तुम्ही हॉथॉर्नचं लिहिलंत. शिकागोजवळच्या सिसेरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 पासून ते प्रयोग झाले. उजेड वाढवला तरी काम वाढलं आणि कमी केला तरी वाढलं, तेव्हा लोकांनी असा अर्थ काढला की आपल्याकडं कुणी लक्ष देतंय यानंच कामगारांना हुरूप आला. पुढं या निष्कर्षांवर संशोधकांनी बरेच आक्षेप घेतले. ते बाजूला ठेवलं तरी त्यातून "दिव्यावर खर्च नको" असं निघत नाही. मायक्रोमीटरवरची शंभरांश मिलिमीटरची रेघ वाचायची, ती मशीनच्या दाराच्या सावलीत, वरची ट्यूब फडफडत असताना, हे काम हुरुपानं होत नाही. तिथं दिवाच लागतो. मशीनशेजारच्या मोजायच्या टेबलावर एक चांगला एलईडी दिवा बसवा. हॉथॉर्नमधून घ्यायचं असेल तर एवढं घ्या की, कामगाराला विचारलं, त्याचं ऐकलं, तर त्याला बरं वाटतं आणि तो सांगायला लागतो.

तात्यांकडं वळतो. त्यांच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण पोरगा उद्या दुसऱ्या शॉपमध्ये लागेल. तात्यांना या वयात कोण घेणार?

टूल जॉबमध्ये घुसलं तेव्हा नेमकं काय झालं, कोणतं बटण दाबलं, हे त्यांना कुणी विचारलं का? मी अंदाज सांगतो. तुमच्या मशीनवर फानुक कंपनीचा कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) असेल तर ऑफसेटच्या पानावर खाली दोन बटणं येतात, 'इनपुट' आणि 'प्लस इनपुट'. समजा आधीचा वेअर ऑफसेट (टूलच्या झिजेसाठी टाकायचा आकडा) उणे 0.150 आहे आणि व्यास आणखी 20 मायक्रॉननं कमी करायचाय. उणे 0.020 टाइप करून 'प्लस इनपुट' दाबलं तर उणे 0.170 होतं, काम बरोबर. पण त्याच आकड्यावर नुसतं 'इनपुट' दाबलं तर जुना आकडा पुसून उणे 0.020 बसतो, आणि पुढचा नग 130 मायक्रॉननं मोठा निघतो. हाच घोळ उलट्या बाजूनं, मोठ्या आकड्यावर किंवा जॉमेट्री ऑफसेटच्या (टूलच्या मूळ मापाच्या) पानावर झाला की टूल जॉबमध्ये जातं. लेथवर तात्या चाक फिरवतात, रेघा मोजतात, हाताला कापाचा दाब लागतो. इथं त्यांच्या हाताला काहीच लागत नाही, समोर आकडा आणि इंग्रजी अक्षरं. मशीन आलं तेव्हा कंपनीच्या इंजिनिअरनं दोन दिवस हिंदी-इंग्रजीत दाखवलं असेल, तेव्हा तात्या मागं उभे असतील, आणि पोरांच्या देखत "मला कळलं नाही" असं तात्या म्हणणार नाहीत. सगळा शॉप ज्यांना विचारून काम करतो त्यांना ते म्हणणं फार जड जातं. त्याला बेफिकिरी म्हणू नका.

म्हणून त्यांना शिकवणं शॉप बंद असताना, रविवारी सकाळी करा. टूल काढून ठेवा, चक रिकामा, मशीन नुसतं हवेत फिरवा. वीस-पंचवीस वेळा ऑफसेट टाकायला लावा, प्रत्येक वेळी दाबायच्या आधी तोंडानं बोलायला लावा, "आधी इतकं होतं, आता इतकं होणार." नेहमी येणारे अलार्म, त्यांचा मराठीत अर्थ आणि काय करायचं, हे एका कागदावर लिहून लॅमिनेट करून मशीनला लावा. आणि एकदा त्यांचे डोळे तपासून घ्या. पंचावन्नच्या पुढच्या डोळ्याला उजेड जास्त लागतो, आणि स्क्रीनवरची उण्याची बारीक रेघ जुन्या चष्म्यातून हुकू शकते. शॉपच्या खर्चानं चष्मा करून दिलात तर त्यासारखा स्वस्त सुटा भाग तुम्हाला मिळणार नाही.

शिकवायचं कुणी? त्या पोरानंच. त्याला कंट्रोल येतो. आणि बदल्यात तात्यांनी पोराला गरम नगाचं शिकवावं. कारण मला खात्री वाटते, तात्या नग हातात घेतल्या घेतल्या कधी मोजत नसणार. ते आधी पालथा हात लावून बघत असतील, थोडं थांबत असतील, घाई असली तर "गरम आहे, थोडा वर ठेव" असं म्हणत असतील. आयटीआयमध्ये पोराला मायक्रोमीटर धरायला शिकवलं. शेडमधल्या उन्हाळ्याचं काय करायचं ते तिथं नीट शिकवलं जात नाही. म्हणजे पोराची जागा बिघडली आहे हे खरं, पण ती बिघडली आहे हे ओळखण्याची जाण त्याच्याकडं अजून नाही, आणि ती तुमच्याच शॉपमध्ये, दिवसपाळीला, दुसऱ्या मशीनवर उभी आहे. अनुभवी माणूस वाईट जागेतही काम निभावून नेतो, त्यामुळं जागा वाईट आहे हे मालकाला वर्षानुवर्षं कळत नाही. नवा माणूस आला की ते उघडं पडतं, आणि बोल नव्याला लागतो.

मामंजींना हे सांगताना किर्लोस्करवाडीची आठवण काढा, त्यांना ती नक्की असणार. 1910 साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणला तेव्हा तिथं लोखंडी नांगर बनवायला पदवीधर इंजिनिअर रांगेत उभे नव्हते. शाळा अर्धी सोडलेली, आसपासच्या गावांतली माणसं होती. त्यांना तिथंच शिकवलं, आणि कारखान्याबरोबर राहायची वस्तीही उभी केली. आपल्या सांगली जिल्ह्याला हे परकं नाही.

फळा मात्र आजच पुसा. याबद्दल मी थोडं कडक बोलतो. कारखान्यांना गुणवत्ता शिकवणारे अमेरिकेचे डॉ. डेमिंग आपल्या वर्गात एक खेळ करून दाखवायचे. भांड्यात पांढरे आणि लाल मणी, पाचात एक लाल. पन्नास खळग्यांची फळी भांड्यात बुडवायची, जेवढे लाल येतील तेवढे तुमचे दोष. ज्याचे कमी आले त्याला शाबासकी, ज्याचे जास्त आले त्याला दम. दुसऱ्या दिवशी अनेकदा शाबासकीवाल्याचेच जास्त यायचे. भांड्यातच लाल मणी असताना फळी धरणाऱ्याच्या नावापुढं आकडा लिहून काय मिळणार? उलट नुकसान होतं. नावापुढं आकडा येतो म्हटल्यावर माणूस वाया गेलेला नग चिप्सच्या, म्हणजे कापताना निघालेल्या लोखंडी कातरणाच्या, ढिगात सारतो, आणि मग तुम्हाला खरा आकडाच कळत नाही. फळा ठेवायचाच असेल तर माणसांची नावं काढा आणि मशीन, पाळी, वेळ, कारण लिहा. "मशीन दोन, रात्र, चार वाजता, इन्सर्ट घासलेला." यातून काहीतरी दुरुस्त करता येतं.

हे सगळं एकदम करू नका. एकाच आठवड्यात दिवा, कूलंट, किल्ली, पाळी सगळं बदललंत तर कशानं फरक पडला ते कळणार नाही. आधी आठवडाभर नुसती वेळेची नोंद आणि पाच नगांची परीक्षा. दुसऱ्या आठवड्यात रात्रीची अदलाबदल, म्हणजे त्या दिवसांत पोरगा दिवसपाळीला तात्यांजवळ उभा राहील. तिसऱ्या आठवड्यात नग गार करून मोजणं, इन्सर्ट आणि कूलंट. तात्यांचे रविवार पहिल्यापासूनच सुरू करा, त्यांचा या नोंदीशी संबंध नाही.

एवढं करूनही पोराचं रिजेक्शन दिवसा आणि रात्री दोन्हीकडं वाढलेलंच राहिलं, तर त्याला समोर बसवून स्पष्ट बोला, आणि काय शिकायचं, किती दिवसांत, हे ठरवून द्या. काढायचा विचार त्याच्यानंतरचा. मामंजी घाई करतील. त्यांना सांगा की नवा पोरगा आणला तरी स्टोअरची किल्ली त्याच खिशात असणार आहे.

बोलायला सुरुवात तात्यांपासून करा. पोराला आधी बोलावून "तात्यांना शिकव" म्हणालात तर तात्यांच्या कानावर ते दुसऱ्याच तोंडून जाईल आणि ते रविवारी येणार नाहीत. त्यांच्याकडं जाऊन गरम नगाचं विचारा, पोराला ते शिकवाल का म्हणून विनंती करा, आणि मग कंट्रोलचं काढा. तीन आठवड्यांनी दिवस आणि रात्र यांचे आकडे वेगवेगळे लिहून मला कळवा. पहाटेचे नग किती, तेही लिहा.